ऑपरेशन चालू असताना नसांवर पहारा: न्यूरोमॉनिटरिंग सर्व्हिसचा आमचा अनुभव (५ पैकी ४ स्टार)

बिलाच्या तिसऱ्या पानावर, इम्प्लांटच्या खाली आणि ओटी (ऑपरेशन थिएटर) कन्झ्युमेबल्सच्या वर एक ओळ होती, "आयओएनएम चार्जेस ४२,०००". काउंटरवरच्या पोराला विचारलं हे काय, तो म्हणाला "न्यूरोचं असतंय काका ते", मी म्हटलं न्यूरोचं काय असतंय, तर म्हणे "मॉनिटरिंग". संपलं. आता मला ते काय असतं (इंट्रा ऑपरेटिव्ह न्यूरो मॉनिटरिंग, म्हणजे ऑपरेशन चालू असताना नसांवर मशीननं लक्ष ठेवणं) हे तोपर्यंत माहीत झालेलं होतं म्हणून बरं, नाहीतर मी तिथंच भांडायला उभा राहिलो असतो, आणि भांडलो असतो तर चुकलो असतो कारण आख्ख्या साडेपाच लाखाच्या बिलात सगळ्यात वसूल झालेले पैसे तेच होते. मणक्याच्या ऑपरेशनला कुणाला हे ४२ हजार कापून टाकायचा मोह होत असेल तर हे वाचा आणि मग ठरवा.

आधी आमचं सांगतो. मी इचलकरंजीत मोटर रिवाइंडिंग करतो, २२ वर्षं झाली, यंत्रमागाच्या मोटरी, पंप, जे येईल ते. डॉक्टरकीतलं मला काही कळत नाही पण करंट, सिग्नल, अर्थिंग यातलं कळतं आणि या सर्व्हिसमध्ये निम्मं काम तेच आहे, त्यामुळं मला ते जरा जास्तच समजलं असं म्हणा. पेशंट म्हणजे माझी लेक, १४ वर्षांची, नववीत. गेल्या दिवाळीत पहिल्या आंघोळीला उटणं लावताना बायकोच्या हाताला तिचा उजवा फरा डाव्यापेक्षा वर आलेला लागला, तिला वाटलं दप्तराचं ओझं, मला वाटलं बसायची सवय, असं करत दोन महिने घालवले. मग डॉक्टरांनी तिला पुढं वाकवलं तर पाठीची एक बाजू चक्क उंच दिसायला लागली, एक्सरे काढला, कणा इंग्रजी एससारखा. स्कोलिओसिस. एक्सरेवर पट्टीनं रेघा मारून कोन मोजतात, त्याला कॉब अँगल म्हणतात, आमचा आला ५६ अंश. ४५-५० च्या पुढं गेला की सहसा ऑपरेशनचा विचार करतात, आणि वाढत्या वयातल्या पोरींमध्येच मोठे बाक जास्त होतात म्हणे, कारण कुणाला नीट माहीत नाही. आम्ही काही चुकीचं केलं नव्हतं एवढं ऐकून बायको जरा रडली, बऱ्या अर्थानं.

पहिल्या ज्या हॉस्पिटलात गेलो (नाव नाही टाकत, उगाच कशाला) तिथं कोटेशन कमी होतं. मी सगळीकडं विचारतो तसं विचारलं की नसांना धक्का लागला तर? तर तिथल्या साहेबांनी खांद्यावर हात ठेवून सांगितलं की काही होत नाही, इतकी वर्षं करतोय, मशीनबिशीनची गरज नाही, वाटलं तर पेशंटला मधेच उठवून पाय हलवायला सांगतो. मला ते "वाटलं तर" काय पटलं नाही. आमच्या धंद्यात पण "वाटलं तर टेस्टिंग करू" म्हणणारे असतात आणि त्यांच्या मोटरी तीन महिन्यांनी माझ्याकडं येतात जळून.

पण हे उठवून बघणं म्हणजे काही थाप नाही हां, खरी पद्धत आहे. फ्रान्समधल्या डॉक्टरांनी १९७३ मध्ये ती पेपरात लिहिली, स्टॅग्नारा टेस्ट म्हणतात, भूल हलकी करून पेशंटला आधी हात हलव, मग पाय हलव सांगायचं आणि बघायचं. आजही गरज पडली तर करतात, आमच्या लेकीला पण भूलतज्ज्ञांनी आदल्या दिवशी सांगून ठेवलं होतं की मधे कदाचित आवाज देईन, पाय हलव म्हणेन, घाबरू नकोस, नंतर आठवणार पण नाही तुला. अडचण अशी की त्यात कळतं ते त्या एका मिनिटाचं. मोटर तासभर चालवायची आणि एकदाच हात लावून बघायचं गरम झाली का, तसं. मधल्या वेळात जळाली तर?

दुसरं हॉस्पिटल पुण्यातलं. तिथले स्पाइन सर्जन दोनच वाक्यं बोलले, "मॉनिटरिंगशिवाय मी बाक सरळ करत नाही. त्या बाईंची तारीख मिळाली की तुमची तारीख." म्हणजे सर्जनची तारीख मशीनवाल्या बाईंच्या तारखेवर! मला हे लय आवडलं.

तर ही सर्व्हिस म्हणजे काय. बऱ्याच ठिकाणी मशीन हॉस्पिटलचं नसतंच, माणूस स्वतःचं मशीन घेऊन येतो, आज या हॉस्पिटलात उद्या त्या. आमच्या मॅडम ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी वॉर्डात आल्या, मागं एक मोठी ट्रॉली बॅग, तिचं एक चाक वाजत होतं, कॉरिडॉरच्या त्या टोकापासून ऐकू यायचं. फाईल बघितली, मग लेकीला प्रश्न. फिट्स कधी आल्यात का, डोक्याला कधी मार लागलाय का, डोक्यात-कानात काही मशीन, छातीत पेसमेकर, दात कुठला हलतोय का. मग पायाची बोटं वर करायला लावली, हाताची मूठ, कुठं बधिर आहे का, सगळं लिहून घेतलं. म्हणाल्या उद्या काय बदललं ते कळायला आज काय आहे ते माहीत पाहिजे ना काका. बरोबरच आहे, मोटर दुकानात आली की आधी आपण पण रीडिंग घेतो, नाहीतर नंतर गिऱ्हाईक म्हणतं हे तुम्हीच बिघडवलं.

मी म्हटलं मॅडम मी वायरमन माणूस आहे, मला जरा विस्कटून सांगा. त्या हसल्या आणि पेनानं माझ्याच एक्सरेच्या पाकिटावर चित्र काढलं, ते पाकीट अजून आहे.

दोन लाईनी असतात. एक खालून वर जाणारी, एक वरून खाली येणारी. खालून वर म्हणजे घोट्याच्या आतल्या बाजूला एक नस असते तिला बारीक शॉक देतात, तो सिग्नल पायातून, कण्यातून वर मेंदूपर्यंत जातो आणि डोक्यावर लावलेल्या इलेक्ट्रोडवर पकडतात. हाताला मनगटाजवळ तसंच. ही झाली संवेदनेची लाईन. डोक्यावर पोचेपर्यंत तो सिग्नल एक-दोन मायक्रोव्होल्टच्या घरात उरतो, म्हणजे व्होल्टचा दहा लाखावा भाग हो, आमच्या कुठल्याच मीटरला दिसणार नाही, आणि मेंदूचा स्वतःचा करंट त्याच्या कितीतरी पट. मग करतात काय तर तोच शॉक शेकड्यानं वेळा देऊन सरासरी काढतात, खरा सिग्नल दरवेळी त्याच जागी येतो म्हणून उरतो आणि कचरा आपसात कटून जातो. मला हे ऐकून इतका आनंद झाला की बायको म्हणाली "अहो पोरीचं ऑपरेशन आहे उद्या."

दुसरी लाईन हुकमाची, मेंदूकडून पायाकडं. त्यासाठी डोक्याच्या कातडीत बूच काढायच्या स्क्रूसारख्या पिळाच्या बारीक सुया बसवतात आणि तिथून मेंदूला शॉक देतात, मग हातापायाचे स्नायू खरंच उडतात आणि त्यात लावलेल्या सुयांवर ते दिसतं. किती व्होल्ट विचारलं तर म्हणाल्या माणसागणिक कमी जास्त, ३०० ते ५०० धरा. मी गार. आमच्याकडं थ्री फेज ४१५ असतो, त्यानं माणूस चिकटतो. बायकोनं माझा दंड धरला, "डोक्याला चारशेचा शॉक देणार म्हणतात ओ". मग मॅडमनी सांगितलं की पल्स इतकी छोटी असते, सेकंदाच्या वीस हजाराव्या भागाएवढी, असे पाच-सहा टिचके एकामागं एक, झालं. व्होल्ट मोठा पण टिकतो किती, तर काहीच नाही, आणि फिट्स-पेसमेकर विचारलं ते याच्यासाठीच. मला पटलं, बायकोला मी रात्री एक वाजेपर्यंत समजावत होतो.

दोन्ही लाईनी कशाला, एक पुरत नाही का? नाही पुरत. संवेदनेची लाईन कण्यातल्या दोरीच्या (मज्जारज्जूच्या) मागच्या भागातनं जाते आणि हुकमाची मुख्यतः बाजूच्या-पुढच्या भागातनं, रक्तपुरवठा पण वेगवेगळ्या नळ्यांचा. त्यामुळं मागची लाईन ठणठणीत दिसत असताना पुढची गेलेली असू शकते, म्हणजे कागदावर सगळं ओके आणि पेशंट उठला की पाय उचलत नाही. पूर्वी नुसती संवेदनेची बघायचे तेव्हा असं झालंय. हुकमाची लाईन डोक्यावरनं कवटी न उघडता तपासता येते हे १९८० मध्ये इंग्लंडमध्ये मर्टन आणि मॉर्टन यांनी दाखवलं, म्हणजे फार जुनी गोष्ट नाही, माझ्या जन्माच्या आसपासची.

ऑपरेशनच्या दिवशी साडेसातला आत घेतली. आत काय झालं ते मला नंतर सर्जननी, मॅडमनी आणि रिपोर्टनं सांगितलं, त्यातलं जेवढं कळलं तेवढं लिहितो.

भूल वेगळी असते हे आधी. नेहमीचा वास घ्यायचा गॅस दिला तर हुकमाची लाईन दबते, म्हणून सगळी भूल शिरेतून, दुधासारखं पांढरं प्रोपोफॉल आणि सोबत दुखण्याचं औषध. स्नायू ढिले करायचं इंजेक्शन फक्त सुरवातीला नळी घालताना, नंतर नाही, कारण स्नायूच ढिला तर उडणार काय. मग गॅस नाही तर पोरगी पूर्ण झोपलीय का हे कसं कळणार, तर कपाळावर एक चिकट पट्टी लावतात, ती मेंदूच्या लहरी वाचून ० ते १०० आकडा दाखवते, १०० म्हणजे टक्क जागी, ऑपरेशनला ४० ते ६० मध्ये ठेवतात. मेंदूच्या लहरी माणसाच्या डोक्यावरनं पहिल्यांदा हान्स बर्गर नावाच्या जर्मन डॉक्टरनं १९२४ मध्ये घेतल्या, आज त्याच लहरींची पट्टी आमच्या इथल्या पोरींच्या कपाळाला. त्या पट्टीचा लाल वळ दोन दिवस होता कपाळावर, कुंकवासारखा.

मॅडमचा पहिला उपयोग सुरी लागायच्या आधीच झाला. पालथं झोपवल्यावर डाव्या हाताचा सिग्नल बारीक झाला. पाय व्यवस्थित, उजवा हात व्यवस्थित, फक्त डावा हात. त्यांनी सांगितलं खांदा जास्त ताणलाय, हात खाली घ्या, घेतला, आला परत. सहा-सात तास तसाच राहिला असता तर कणा सरळ आणि हात लुळा असं काहीतरी झालं असतं आणि मग आम्ही म्हटलं असतं नशीब.

मग आवाज. हा भाग माझ्या आवडीचा. ओटीमध्ये टेबल इलेक्ट्रिकचं, रक्त गरम करायचं मशीन, लाईट, कॉटरी (रक्त थांबवायला जाळायचं विजेचं हत्यार), सगळं मेनवर, त्यामुळं पन्नास हर्ट्झची घुरघुर सिग्नलवर येते, आणि कॉटरी चालू असली की तर पडद्यावर नुसतं गवत उगवतं, काही दिसत नाही. त्यामुळं मॅडमना सारखं म्हणावं लागतं, सर दहा सेकंद थांबा, टेबलचा प्लग काढा, ती वायर उचला. मी विचारलं सर्जन चिडत नाहीत? "चिडतात ना. पण थांबतात." दर सुईचा इम्पीडन्स आधी तपासून घेतात, सुई निघाली तर उगाच बोंब नको म्हणून. सुया कापडी टेपनं चिकटवलेल्या, वायरी रंगानं वेण्या घालून. आमच्या कंट्रोल पॅनेलच्या वायरिंगवाल्यांना एकदा दाखवायला पाहिजे.

स्क्रूचं टेस्टिंग तर म्हणजे आमचा मेगरच (इन्सुलेशन तपासायचा मीटर). मणक्याच्या हाडात स्क्रू बसवतात, तो हाडाच्या भिंतीत नीट बसला असेल तर हाड इन्सुलेशनसारखं काम करतं. कमरेजवळच्या स्क्रूंना करंट देऊन बघतात, बराच करंट दिला तरी पायाचा स्नायू गप्प, म्हणजे भिंत चांगली. थोड्याच करंटला स्नायू उडाला म्हणजे स्क्रू भिंत फोडून नसेच्या जवळ गेलाय, बॉडीला शॉर्ट. काढा, परत बघा. छातीच्या भागातल्या स्क्रूंना ही टेस्ट तेवढी भरवशाची नाही असं त्यांनी स्वतःच सांगितलं, तिथं मग एक्सरेवर आणि हाताच्या अंदाजावर भर.

आता मुख्य. रिपोर्ट माझ्यासमोर आहे, त्यात वेळेसकट ओळी आहेत.

१२:४७ ला लिहिलंय, डावा पाय, मोटर सिग्नल (म्हणजे हुकमाची लाईन) गेला, सर्जनना कळवलं.

तेव्हा स्क्रूंना जोडणारा रॉड बसवून झालेला होता आणि बाक फिरवून सरळ करायचं चाललेलं. डाव्या पायाच्या नडगीचा स्नायू आणि अंगठ्याचा स्नायू, दोन्हीच्या जागी सपाट रेघ. उजवा पाय थोडा कमी. दोन्ही हात एकदम ओके. संवेदनेची लाईन अजून ठीक (तिची सरासरी काढायला वेळ लागतो, म्हणून ती मागं राहते कधीकधी). मॅडमनी मोठ्यानं सांगितलं आणि सगळे थांबले. सर्जन म्हणाले मी हात वर केले अक्षरशः.

आता फॉल्ट कसा शोधतात बघा. दोन्ही हात चालू आहेत म्हणजे भूल जास्त झाली नाही, मशीन बंद पडलं नाही, डोक्यावरच्या सुया जागेवर आहेत. वरपर्यंतचा फीडर लाईव्ह आहे, खाली सप्लाय नाही, म्हणजे फॉल्ट मधे. हाताचे सिग्नल एवढ्यासाठीच घेत राहतात, ऑपरेशन पाठीचं असलं तरी. मग सुया बघितल्या, जागेवर. ब्लड प्रेशर बघितलं, सरासरी ६२ होतं, रक्तस्राव कमी व्हावा म्हणून आधी कमी ठेवलेलं, ते वर घेतलं ८५ च्या पुढं, म्हणजे कण्याला रक्त जास्त पोचेल. अंग गार पडलंय का बघितलं, हिमोग्लोबिन बघितलं, जखमेत कोमट सलाईन घातलं. आणि सर्जननी जेवढं सरळ केलं होतं त्यातलं थोडं परत सोडलं. मग टेस्ट. नाही. परत टेस्ट. नाही. थांबले. टेस्ट.

१३:०५ ला लिहिलंय, डावा अंगठा परत.

अठरा मिनिटं. माझ्या मोबाईलवर त्या दिवसाचा यूपीआयचा मेसेज आहे, कॅन्टीन, दोन चहा, ४० रुपये, वेळ १२:५१. म्हणजे माझ्या पोरीच्या डाव्या पायाचं कनेक्शन गेलेलं असताना मी खाली चहा पीत होतो आणि मेहुण्याला सांगत होतो की इथला चहा पाणचट आहे.

त्यानंतर त्यांनी जास्त ताण दिला नाही. ठरवलं होतं १५ अंशांच्या आसपास आणायचं, आणलं २३ वर. सर्जननी स्वतः येऊन सांगितलं की आठ अंश मी सोडून दिले. मी म्हटलं सोडा हो साहेब. कपडे घातल्यावर कुणाला कळत नाही, आणि शाळेचा स्कर्ट दीड इंच आखूड झालाय एवढी उंची वाढली, नवीन शिवायला टाकलाय.

रिकव्हरीत पहिल्यांदा भेटलो तेव्हा सिस्टर म्हणाल्या पाय हलव बाळा. मी चादरीखालनं बघत होतो. डावा अंगठा हलला. उजवा नंतर.

आता ज्याच्यासाठी एक स्टार कापलाय ते.

जीभ. डोक्याला शॉक देतात तेव्हा जबडा पण आवळतो, म्हणून तोंडात गॉजच्या गुंडाळ्या घालतात दातांमधे, तरी कधीकधी जीभ किंवा ओठ चावला जातो. आमच्या पोरीची जीभ उजव्या कडेला चावली गेली, टाका नाही लागला पण चार दिवस नुसतं ताक आणि पेज, तिखट तर सोडाच, कोल्हापूरकडच्या पोरीला ही शिक्षा पाठीपेक्षा जड. होऊ शकतं हे मान्य, पण आधी सांगायला काय झालं होतं? फॉर्मवर म्हणे लिहिलेलं होतं, तो फॉर्म रात्री साडेनऊला अकरा सह्यांच्या गठ्ठ्यात आला. हलणारा दात विचारला तेव्हा कशाला विचारताय हे मीच विचारायला पाहिजे होतं असं आता वाटतं. डोक्यात सुयांचे ठिपके, पायावर ठिपके, केसांना चिकट, हे पण कुणी सांगितलं नव्हतं, बायकोला वाटलं ढेकूण चावलेत आणि तिनं वॉर्डबॉयला झापलं, तो बिचारा गादी बदलून गेला.

रिपोर्ट मिळायला नऊ दिवस लागले. डिस्चार्ज समरीमध्ये मॉनिटरिंगचा एक शब्द नाही, पुढंमागं दुसऱ्या डॉक्टरला दाखवायचं तर कसं कळणार काय घडलं होतं? मागून मागून घेतला. यात मॅडमचा दोष नाही, त्यांनी दुसऱ्याच दिवशी दिला होता, फाईलवाल्यांच्या टेबलावर झोपला होता.

आणि इन्शुरन्स. क्लेममधून ४२ हजार सरळ उडवले, शेरा "मॉनिटरिंग चार्जेस नॉन पेएबल", जसं काही बीपीचा पट्टा बांधला होता. भाच्यानं शोधून दिलं, विमा कंपन्यांवरच्या नियामकानं, आयआरडीएआयनं, २०१९ मध्ये १२ आधुनिक उपचारांची यादी काढली होती जे पॉलिसीतून वगळता येत नाहीत, रोबोटिक सर्जरी वगैरे आहे त्यात आणि अकराव्या नंबरला चक्क हेच, इंट्रा ऑपरेटिव्ह न्यूरो मॉनिटरिंग. त्या यादीप्रमाणं कंपनीला मर्यादा घालता येत होती, वगळता येत नव्हतं. ती यादी जोडून मेल केला तर आठ दिवसांत २५,००० आले, आणि बाकीचं मर्यादेच्या वर म्हणे. ही माहिती मला कुठल्याच टेबलावरच्या माणसानं दिली नाही, म्हणून इथं लिहून ठेवतोय, ज्याला लागेल त्यानं घ्या.

लोक आता दुकानात येऊन विचारतात, कुणाच्या कमरेचं आहे, कुणाच्या मानेचं, आम्ही पण हे मशीन मागायचं का. बाबांनो ते सर्जनला विचारा, साध्या चकतीच्या ऑपरेशनला सगळे डॉक्टर लावत नाहीत आणि त्यांचीही कारणं आहेत. पण बाक सरळ करायचा असेल, कण्याच्या दोरीतली गाठ असेल, तर विचाराच. फक्त पाठीलाच असतं असं पण नाही, कानामागच्या गाठीच्या ऑपरेशनला चेहऱ्याची नस बघतात, थायरॉईडला आवाजाची नस बघतात, त्यात तर घशात घालायच्या नळीलाच इलेक्ट्रोड असतात जे स्वरयंत्राला टेकतात. आमच्या गल्लीतल्या काकूंच्या थायरॉईडला ते वापरलं होतं हे त्यांना मी सांगितल्यावर कळलं, बिल बघून.

विचारताना नुसतं "मॉनिटरिंग आहे का" विचारू नका, सगळे हो म्हणतात. हुकमाची आणि संवेदनेची दोन्ही लाईन बघणार का विचारा. मशीनवर बसणारा माणूस पहिल्यापासून टाके घालेपर्यंत त्याच खोलीत असणार का, का दोन ओट्या एकदम सांभाळणार. आणि वर्षाला अशा किती केसेस करतो. अमेरिकेत १९९५ मध्ये बाकाच्या ऑपरेशनांचा एक मोठा सर्व्हे आला होता, पन्नास हजारांवर मॉनिटरिंग केलेली ऑपरेशनं, त्यात अनुभवी टीमकडं नसांची इजा नवख्या टीमच्या निम्म्यापेक्षा कमी निघाली. मशीन तेच, माणूस वेगळा.

कारण मशीन काय, मशीन सगळी चांगलीच असतात, कॅडवेल आहे, निहॉन कोहडेन आहे, इनोमेड आहे. आमच्या वेळी कुठलं होतं ते मी विचारलं पण नाही, आणि मी असा माणूस आहे जो मिक्सर घेताना वाइंडिंग तांब्याचं का अॅल्युमिनियमचं विचारतो. रेघ सपाट झाल्यावर ती पडद्यावर सपाट होऊन गप्प पडून राहते. मोठ्या डॉक्टरला, हातात रॉड असताना, भर कामात "थांबा" म्हणायला तोंड लागतं. मॅडम वयानं त्या सर्जनपेक्षा निम्म्या. मी त्यांना विचारलं भीती वाटत नाही का, चुकीचं थांबवलं तर? म्हणाल्या चुकीचं पण थांबवलंय दोनतीनदा, सुई निघालेली असायची, ओरडा खाल्लाय, त्याचं काय एवढं.

हमी मात्र नाही हां, हे त्यांनीच दोनदा सांगितलं. सिग्नल गेला आणि परत आलाच नाही असं होतं. सगळं नीट दिसून नंतर वॉर्डात काही तासांनी पायातली ताकद गेली असं पण होतं, म्हणून पहिल्या रात्री सिस्टर दर तासाला येऊन पाय हलव म्हणायच्या आणि लेक वैतागून म्हणायची हलवलाय ना आत्ताच.

तीन महिन्यांनी दाखवायला गेलो तेव्हा लिफ्टपाशी थांबलो होतो आणि ते चाक वाजलं. लेकीनं आधी ओळखलं. मी मॅडमना म्हटलं बॅग पाच मिनिटं द्या, बेअरिंग गेलंय, पुढच्या खेपेला घेऊन येतो. त्या म्हणाल्या राहू दे काका, वाजतं म्हणून ओटीवाल्यांना कळतं मी आले, लगेच मोबाईलचे चार्जर प्लगमधून काढून ठेवतात.

मॅडमना पाचपैकी पाच. कापलेला एक स्टार हॉस्पिटलच्या कागदपत्रांचा आणि त्या न सांगितलेल्या जिभेचा. उरलेल्या १७,००० साठी कंपनीला मेल टाकलाय की आमच्या पॉलिसीच्या कागदात ती मर्यादा कुठल्या पानावर आहे ते दाखवा, अजून उत्तर नाही, आलं की इथंच टाकतो.